विटा जशा तरंगत नाहीत, तशा: 'हिचहायकर्स गाईड' पुस्तक आधी की सिनेमा आधी?

तिरफळ

मंडळी, एक घरगुती भांडण सोडवून हवंय.

लेक १३ वर्षांची. सुट्टी लागली आहे, मोबाइलवरून मान वर होत नाही. म्हणून कपाटातून डग्लस अॅडम्सचं 'द हिचहायकर्स गाईड टू द गॅलक्सी' हे विनोदी विज्ञानकथेचं पुस्तक काढून तिच्या उशाशी ठेवलं. माझी प्रत कॉलेजात असताना फाउंटनच्या फूटपाथवरून घेतलेली. आधीच्या मालकानं अख्ख्या पुस्तकात फक्त चहाचे उल्लेख पेन्सिलीनं अधोरेखित केलेत, बाकी कशालाही हात लावलेला नाही. कोण होता देव जाणे, पण माझा त्याच्यावर फार जीव आहे.

नवरा म्हणतो, आधी तिला २००५ चा सिनेमा दाखव, आवडला तर पुस्तक वाचेल. हा सिनेमा आम्ही दोघांनी एकत्र पाहिला होता, लग्नाआधी. तो हसून हसून खुर्चीतून घसरत होता आणि मी हाताची घडी घालून बसले होते. (तरी लग्न केलं.) त्यानं पुस्तक आजतागायत वाचलेलं नाही.

तर प्रश्न दोन. पोरीला आधी काय द्यावं? आणि सिनेमा खरंच फसलाय, की मीच डूख धरून पाहिला?

---

उंटावरचा

रुमाल टाकून ठेवतो. सवडीनं वाचेन.

---

भुईचक्र

उंटावरचा, या धाग्यावर रुमाल चालत नाही. टॉवेल टाका. गाईड म्हणजे गोष्टीतला प्रवाशांचा मार्गदर्शक ग्रंथ. त्याच्या मते आकाशगंगेत फिरताना जवळ असावी अशी सगळ्यात उपयोगी वस्तू ती. दर २५ मे रोजी जगभर लोक खांद्यावर टॉवेल टाकून फिरतात लेखकाच्या नावानं.

आमच्याकडे आजोबा बाराही महिने फिरायचे. पंचा असायचा, पण भावना तीच.

---

चकलीचा_सोऱ्या

तिरफळताई, तुम्ही डूख धरला नव्हता. सिनेमा फसलेलाच आहे, आणि कुठे फसला ते अगदी बोट ठेवून दाखवता येतं.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. आर्थर डेंटचं घर बायपाससाठी पाडायला बुलडोझर आलाय. नगरपालिकेचा माणूस म्हणतो, आराखडे तर कधीचे लोकांसाठी प्रदर्शित केले होते. आर्थर म्हणतो, ते बघायला मला तळघरात उतरावं लागलं. तोच प्रदर्शन विभाग, साहेब. बॅटरी घेऊन उतरलो. दिवे गेले असतील. जिनाही गेला होता. पण नोटीस सापडली ना? हो, सापडली. कुलूपबंद कपाटाच्या तळाशी, ते कपाट बंद पडलेल्या संडासात, आणि संडासाच्या दारावर पाटी: बिबट्यापासून सावध रहा.

हा विनोद बिबट्याचा नाही. हा पायऱ्यांचा विनोद आहे. एकेक पायरी उतरत, तुम्हाला वाटतं आता तळ आला, की आणखी एक पायरी. सिनेमावाले तळघरापर्यंत उतरले आणि माघारी फिरले. बिबट्या गायब! पंगतीत जिलबी वाढायला आणली आणि नुसती दाखवून परत नेली.

असं पूर्ण सिनेमाभर आहे. वाक्याचं पहिलं अर्धुक ठेवलंय, हसू ज्या शेपटात आहे ते छाटलंय.

---

लेकी_बोले

"जिलबी नुसती दाखवून परत नेली" __/\__

सोऱ्याला हजारदा अनुमोदन.

---

खिडकीशेजारी

नोटिशीवरून आठवलं. अवांतर आहे, पण सांगतेच.

माझं आजोळ तालुक्याच्या गावी. रस्ता रुंदीकरणात मामाच्या घराचा ओटा आणि पडवीचा चार फुटांचा पट्टा जाणार, असं त्याला शेजाऱ्याकडून कळलं. मामा कचेरीत गेला. साहेब म्हणाले, नोटीस बोर्डावर लावली होती की, हरकती घ्यायला ३० दिवस दिले होते. बोर्ड कुठाय? भिंतीला रंग द्यायचा म्हणून उतरवला, रेकॉर्ड रूममध्ये ठेवलाय. रेकॉर्ड रूमची किल्ली? शिपायाकडे. शिपाई? मेहुणीच्या लग्नाला गेलाय, येईल सोमवारी.

सोमवारी मामा हजर. बोर्ड होता. भिंतीकडे तोंड करून उभा, आणि पाठीवर कुणीतरी खडूनं रंगाच्या डब्यांचा हिशोब मांडलेला. फिरवला तर नोटीस व्यवस्थित, चारही टाचण्या जागच्या जागी. मुदत शुक्रवारी संपली होती.

पुढे मी त्याला त्या बिबट्याच्या पाटीचा किस्सा मराठीत सांगितला. मामा हसला नाही. सुपारी कातरता कातरता म्हणाला, "हा गोरा आपल्याकडे कधी येऊन गेला गं?"

---

निमूट

मामा भारी!

पण मी सिनेमाच्या बाजूनं बोलणार. एकटा पडलो तरी चालेल.

मी सिनेमा आधी पाहिला, पुस्तक नंतर वाचलं. सिनेमात अशा गोष्टी आहेत ज्या पुस्तकाच्या बापाला जमणार नाहीत (बाप एकच आहे हे माहीत आहे, गंमत म्हणून घ्या). ते लोकरीचं बघा. असंभाव्यतेचं, म्हणजे अशक्य ते घडवून यान पळवणारं, इंजिन चालू झालं की यानातले सगळे विणलेल्या बाहुल्या होतात आणि आर्थरला उलटी होते ती लोकरीच्या धाग्यांची. किंवा व्होगॉनांच्या, म्हणजे पृथ्वी पाडायला येणाऱ्या परग्रहवासी बाबूंच्या, ग्रहावरच्या त्या थापट्या. डोक्यात विचार आला रे आला की जमिनीतून फळी उठते आणि फाडकन तोंडावर बसते! ज्या समाजात विचार करणं हा गुन्हा आहे, तो अडीच सेकंदांत दाखवला, एक शब्द न बोलता. कादंबरीत नाही हे.

आणि मॅग्राथिया ग्रहावरचा कारखाना. बिल नायचा स्लार्टीबार्टफास्ट आर्थरला छोट्याशा पाळण्यात बसवून नेतो आणि समोर ग्रह बांधायची ती अफाट जागा उघडते. मी थिएटरात अक्षरशः आ वासून बसलो होतो. पुस्तकात वाचताना मजा आली, पण आ वासला नाही.

व्होगॉन तर जिम हेन्सनच्या कार्यशाळेतले, खरे, रबरी, थुलथुलीत. संगणकावर काढलेले नाहीत. त्यांची लाळ खरी वाटते.

---

चकलीचा_सोऱ्या

निमूट, लोकर मान्य. थापट्याही मान्य. पण पुस्तकातलं ते वाक्य आठवा, व्होगॉनांची यानं पृथ्वीवर येतात तेव्हाचं. "विटा ज्या तऱ्हेनं हवेत तरंगत नाहीत, साधारण त्याच तऱ्हेनं ती यानं आकाशात तरंगत होती."

काढा याचं चित्र. काय काढाल? यानं तरंगताना दिसतील, बस. 'नाहीत' कसं दाखवणार? कॅमेऱ्याला नकार येत नाही. गंमत वस्तूत नाही, सांगणाऱ्याच्या तिरक्या मानेत आहे.

---

निमूट

सिनेमातली यानं पुन्हा एकदा बघा. करडे, चौकोनी, खिडक्या नसलेले ठोकळे. दिग्दर्शकानं विटाच टांगल्यात आकाशात! तुमचं वाक्य कापलेलं नाही, त्याचं बांधकाम केलंय.

---

भुईचक्र

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

चकलीचा_सोऱ्या

...

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. विटांचा गुण दिला. बिबट्याचा देणार नाही.

---

पेन्शनर_लेस्टर

तिरफळ, तुमचा प्रश्न थोडा दुरुस्त करतो. आमच्या पिढीसाठी "मूळ पुस्तक" असं काही नाहीच. मूळ आहे रेडिओ.

मी १९७४ पासून इकडे इंग्लंडात, लेस्टरला. ८ मार्च १९७८, बुधवार, रात्री साडेदहा, बीबीसी रेडिओ ४. ही तारीख आता सगळीकडे छापलेली आहे. मला आठवतंय ते एवढंच, की कारखान्यातल्या रात्रपाळीला निघायच्या आधी भाकरी गुंडाळत होतो आणि रेडिओवर एक शांत, सुशिक्षित आवाज पृथ्वी नष्ट झाल्याची माहिती हवामान सांगावं तशी सांगत होता. पीटर जोन्सचा आवाज तो. त्या रात्री कामाला १० मिनिटं उशिरा पोचलो. कारण सांगितलं ते फोरमनला पटलं नाही.

पुस्तक आलं १९७९ मध्ये, त्याच नभोनाट्याच्या पहिल्या चार भागांवरून. म्हणजे ज्याला तुम्ही पवित्र ग्रंथ समजता ते स्वतःच रूपांतर आहे. त्यातही अॅडम्सनं बदल केले. मग टीव्हीसाठी १९८१ मध्ये पुन्हा बदलले. १९८४ मध्ये संगणकावरचा खेळ आला, त्यात आणखी. दर वेळी तोच माणूस, दर वेळी गोष्ट वेगळी. एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्याला त्याची फिकीरही नव्हती.

आपल्याकडे कीर्तनकार तेच आख्यान दर गावात वेगळं सांगतो, कुणी त्याला म्हणत नाही की बुवा, मागच्या वर्षी सुदाम्याच्या पुरचुंडीत पोहे जास्त होते.

राहिलं सिनेमाचं. लोक नाकं मुरडतात की हॉलिवूडनं जॉन माल्कोविचनं केलेलं ते हुम्मा काव्हुला नावाचं पात्र कुठून घुसडलं, आणि ती दुसऱ्याच्या मनातलं जाणवून देणारी बंदूक कुठली. दोन्ही अॅडम्सनेच सिनेमासाठी नव्यानं लिहिलेल्या! सिनेमा करण्यात त्याची २० वर्षं गेली. हॉलिवूडमध्ये सिनेमा काढणं म्हणजे खोलीत एकामागून एक माणसं पाठवून त्यांच्या उच्छ्वासावर मांस भाजण्यासारखं आहे, असं तो म्हणायचा. शेवटी ११ मे २००१ ला कॅलिफोर्नियात व्यायामशाळेत हृदयविकारानं गेला. वय ४९. पटकथा पुढे केरी किर्कपॅट्रिकनं पुरी केली. सिनेमा बघायला तो नव्हता.

---

तिरफळ

काका, दंडवत. १९७८ ला ऐकलेला माणूस आपल्या धाग्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

बंदूक त्याचीच होती हे खरंच माहीत नव्हतं. गेली कित्येक वर्षं मी ती अमेरिकन लोकांच्या नावावर खपवून शिव्या देतेय.

---

वाफाळ

काका, एक किरकोळ भर. रेडिओवर मार्व्हिनचा, म्हणजे त्या कायम खिन्न असलेल्या यंत्रमानवाचा, आवाज स्टीफन मूरचा. हाच मूर १९७५ मध्ये बीबीसीच्या 'थ्री मेन इन अ बोट'मध्ये तिघांपैकी एक होता, मायकेल पेलिन आणि टिम करी यांच्याबरोबर. त्याची पटकथा टॉम स्टॉपर्डची. जेरोमचं पुस्तक १८८९ चं, त्यातही गोष्ट अशी काही नाहीच, सगळी बडबडच. म्हणजे दोन 'न होण्याजोग्या' रूपांतरांत हा माणूस आहे.

सिनेमात मार्व्हिनचा आवाज ॲलन रिकमनचा आणि त्या पांढऱ्या गोल डोक्याच्या सांगाड्यात वॉरविक डेव्हिस. आवाजाला तोड नाही. नुसता उसासा टाकला तरी पैसे वसूल.

---

उंटावरचा

मी पुस्तक वाचलेलं नाही, सिनेमा पाहिलेला नाही. ४२ ची काय भानगड आहे? ऑफिसात एकानं टी-शर्टवर घातलं होतं, मला वाटलं साइज.

---

भुईचक्र

उंटदादा, थोडक्यात: जीवन, विश्व वगैरे सगळ्याचं उत्तर काय, हे शोधायला एक महासंगणक बांधतात. तो ७५ लाख वर्षं विचार करतो आणि सांगतो, ४२. मग लक्षात येतं की प्रश्न नेमका काय होता तेच कुणाला माहीत नाही.

आमच्या कंपनीत दर तिमाहीला होतं हे. फक्त उत्तर वेगळं येतं.

---

ओलं_खोबरं

व्होगॉनांच्या कवितांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? विश्वातली तिसऱ्या क्रमांकाची भिकार कविता, कैद्यांना खुर्चीला बांधून ऐकवतात.

मी एका कोजागिरीच्या कविसंमेलनाला गेलो होतो. खुर्चीला बांधलं नव्हतं, पण मसाला दूध शेवटी देणार होते.

---

लेकी_बोले

हसून हसून पुरेवाट. ओखो, दूध शेवटी ठेवणारा आयोजक व्होगॉनच.

---

खिडकीशेजारी

बरं, मला एक भाषेचा प्रश्न आहे. गाईडमध्ये पृथ्वीबद्दल आधी एकच शब्द असतो, 'निरुपद्रवी'. आर्थरचा परग्रहवासी मित्र फोर्ड १५ वर्षं इथं राहून संशोधन करतो आणि सुधारित नोंद होते दोन शब्दांची. ती मराठीत कशी कराल? 'बहुतांशी निरुपद्रवी' लिहिलं की विनोद मरतो. सरकारी परिपत्रक वाटतं.

---

वाफाळ

बऱ्यापैकी बिनधोक?

---

ओलं_खोबरं

सहसा चावत नाही.

---

पेन्शनर_लेस्टर

"तशी गरीब आहे."

आमच्या गावाकडं गाय विकताना असंच म्हणत. त्या 'तशी'मध्ये सगळं आलं. घेणारा लगेच दोन पावलं मागं सरकायचा.

---

खिडकीशेजारी

काकाऽऽऽ! विषय संपला. पृथ्वी: तशी गरीब आहे.

---

चकलीचा_सोऱ्या

बघा, हेच म्हणतोय मी केव्हापासून. 'तशी' या एका अव्ययात विनोद आहे. ते कुठल्या नटाला द्याल, कुठला सेट लावाल? विनोदी कादंबरीत नायक कोण, आर्थर? छे. नायक निवेदक. तो पडद्यावर आला नाही की उरतं ते नुसतं कथानक, आणि या पुस्तकाचं कथानक एकट्यानं उभं राहत नाही.

---

निमूट

आला आहे की! स्टीफन फ्राय! अॅडम्सचा मित्रच. शिनोला नावाच्या मंडळींनी त्या गाईडच्या नोंदींना केलेली सपाट रंगीत चित्रं किती नेमकी आहेत.

---

चकलीचा_सोऱ्या

आहे, पण पाहुण्यासारखा आहे. येतो, चहा घेतो, जातो. पुस्तकात तो घरमालक आहे.

---

लेकी_बोले

निवेदकाचं काय करायचं याचं सगळ्यात हुशार उत्तर 'द प्रिन्सेस ब्राईड'मध्ये आहे, असं माझं मत. विल्यम गोल्डमनची १९७३ ची कादंबरी. तो त्यात असं सोंग घेतो की हे एका जुन्या लेखकाचं जाडजूड पुस्तक, मी फक्त कंटाळवाणे भाग गाळून देतोय. मध्येमध्ये तोंड घालून सांगत राहतो की इथली अमुक पानं कापली, तुमचे प्राण वाचवले. आता हे सिनेमात कसं आणणार? १९८७ मध्ये सिनेमा झाला, पटकथा त्याचीच. तिथं त्यानं ते जाड पुस्तकाचं सोंग टाकूनच दिलं आणि आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारा आजोबा आणला. नातू मध्येच अडवतो, "यात पाप्या आहेत का?" पुस्तकातली लुडबुड तशीच राहिली, फक्त तिला तोंड मिळालं, मांडी मिळाली, पांघरूण मिळालं.

हिचहायकर्सवाल्यांनी असं काही शोधायला हवं होतं. त्यांनी आवाज ठेवला, पण त्याला बसायला जागा दिली नाही.

---

ओलं_खोबरं

मग आपले चिमणराव? चिं. वि. जोशींच्या पुस्तकात चिमणराव स्वतः 'मी' म्हणून सांगतात, आपली फजिती आपण फार शहाणे असल्याच्या थाटात. दूरदर्शनवर १९७७ च्या सुमारास मालिका आली, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मी तेव्हा शेजाऱ्यांच्या दारात चपलांवर बसून पाहिलेली. त्यात 'मी' गेला, तरी कुणाचं काही अडलं नाही. आजही पुस्तक उघडलं की मला प्रभावळकरांचा चेहरा आणि त्यांची ती चिरकी लगबग दिसते.

---

चकलीचा_सोऱ्या

ओखो, हा मुद्दा अडचणीचा आहे. विचार करून सांगतो.

---

निमूट

जपून. विचार केला की फळी बसते तोंडावर.

---

चकलीचा_सोऱ्या

=)) मान्य.

विचार केला. चिमणरावांचं निवेदन आणि चिमणरावांचा स्वभाव एकच आहे. नटानं स्वभाव पकडला की निवेदन आपसूक येतं, भुवईत, टोपी सावरण्यात. अॅडम्सचा निवेदक गोष्टीत कुठे राहतच नाही. कुणाच्याच अंगात भरता येत नाही त्याला. मार्टिन फ्रीमननं आर्थर छान केलाय, मला काडीची तक्रार नाही. पण आर्थरला स्वतःची गंमत कळत नाही. ती कळणारा माणूस चौकटीबाहेर आहे.

---

वाफाळ

तक्रार मला आहे, आणि ती प्रेमप्रकरणाची. पुस्तकात आर्थरला इस्लिंग्टनच्या पार्टीत एक मुलगी भेटते, दुसराच माणूस तिला उडवून नेतो, पुढे आर्थरला कळतं की तो परग्रहावरचा होता. संपलं. जखम बारीक राहते आणि म्हणूनच हसू येतं. सिनेमात त्यांनी त्याचा पूर्ण विचका केला. तिला वाचवायला जायचं, रांगेत उभं राहून अर्ज भरायचे, शेवटी जमायचं. आर्थर डेंटचं जमायला नको हो! त्याला धड चहाही मिळत नाही, बायको काय मिळणार.

---

खिडकीशेजारी

वाफाळ, इथं मी सिनेमाच्या बाजूनं. पुस्तकातली ट्रिलियन, म्हणजे तीच पार्टीतली मुलगी, खगोलभौतिकीतली पदवीधर आहे आणि यानात बसून करते काय? बटणं वाचून दाखवते. मी मुलगी म्हणून वाचताना दर वेळी चरफडले आहे. सिनेमात निदान झोई डेशनेलला हालचाल आहे, राग आहे, पृथ्वी गेल्याचं कळल्यावर दुःख आहे. पुस्तकात तेवढं दुःख अॅडम्सनं तिला दिलंच नाही. प्रेमकथा गुळमट झाली हे खरं, पण तिचं माणूस झालं.

---

वाफाळ

हं. पृथ्वी गेल्याच्या प्रसंगाचं मान्य.

बाकी त्या अर्जांच्या रांगेत १९८१ च्या टीव्ही मालिकेतला जुना मार्व्हिन उभा आहे, कुणाला दिसला का? आणि जुना आर्थर, सायमन जोन्स, मॅग्राथियाच्या धोक्याच्या सूचनेत येतो. हे पाहिल्यावर मी दहा गुन्हे माफ केले होते.

---

उंटावरचा

चहाबद्दल आधी कुणीतरी काहीतरी म्हणालं होतं.

---

ओलं_खोबरं

यानात एक यंत्र आहे. ते तुमच्या जिभेची, चयापचयाची, मेंदूतल्या चवीच्या केंद्राची कसून तपासणी करतं आणि मग एक पेय देतं जे जवळजवळ, पण पूर्णपणे नाही, चहापेक्षा अगदीच वेगळं असतं.

वाक्य तीनदा वाचा. मग तुमच्या ऑफिसच्या यंत्रातला 'मसाला टी' प्या.

---

पेन्शनर_लेस्टर

लंडनला हायगेटच्या स्मशानभूमीत गेलो होतो मागे, नातीला घेऊन. लोक मार्क्सचं ते भलं मोठं डोकं बघायला जातात. त्याच आवारात अॅडम्सचा साधा करडा दगड आहे. नाव, 'लेखक' आणि सालं. समोर कुंडीत फुलांऐवजी पेनं खोचलेली. मी मोजली नाहीत, पण पंचवीसेक तरी असतील. बहुतेक बॉलपेनं, एक-दोन पावसानं फुटून शाई ओघळलेली. नातीनं आपल्या दप्तरातलं हिरवं पेन काढून खोचलं. बस थांब्यावर आल्यावर म्हणाली, "आजोबा, ते चालत नव्हतं." मी म्हटलं, त्याला आवडलं असतं. मुदतीत लिहून द्यायचं नाही ही त्याची ख्याती होती.

---

लेकी_बोले

काका :')

---

तिरफळ

मंडळी, निकाल घेऊन आले आहे. १० दिवस गायब होते, क्षमस्व.

झालं असं की मी तुमचे प्रतिसाद वाचत बसले आणि तेवढ्यात नवऱ्यानं शनिवारी रात्री सिनेमा लावूनच टाकला. मीही बसले. या वेळी घडी घातली नाही.

लेक कुठे हसली सांगते. डॉल्फिनांच्या गाण्याला. थापट्यांना फार, दोनदा मागे नेऊन बघितलं. नोटिशीच्या प्रसंगाला ढिम्म. तळघर आलं आणि गेलं, सोऱ्या म्हणतो तसंच.

आणि मग तो देवमासा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: दोन क्षेपणास्त्रं असंभाव्यतेच्या इंजिनामुळे बदलतात, एकाची पेट्यूनियाची कुंडी होते आणि दुसऱ्याचा देवमासा, जमिनीपासून मैलोगणती वर. बिचाऱ्याला आपण कोण हे कळायला आणि आदळायला एवढाच वेळ. मी २५ वर्षं या प्रसंगाला हसत आले आहे. सिनेमात बिल बेलीचा आवाज आहे, मासा अगदी आनंदानं वाऱ्याला, शेपटीला नावं ठेवत खाली येतो. धाडकन आवाज झाला आणि बघते तर लेकीच्या डोळ्यांत पाणी. "मेला तो? आत्ता तर त्याला शेपटी सापडली होती!" नवऱ्यानं सिनेमा थांबवला, पाणी आणलं. अर्धा तास आमच्याकडे शोककळा.

दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक उचललं ते फक्त त्या माशाचं पान शोधायला, तिथं तो वाचतो का बघायला. वाचत नाही. तिनं ते पान दोनदा वाचलं आणि मला येऊन म्हणाली, "पुस्तकात रडू नाही आलं. तो सांगणारा काका आहे ना, तो मध्येच उभा राहतो."

सोऱ्या, हे तुमच्यासाठी. निमूट, हेही तुमच्यासाठी. कोण जिंकलं मला कळलेलं नाही.

आता पहिल्या पानापासून वाचतेय. काल रात्री साडेअकराला दार ढकलून आत आली आणि बाबाला झोपेतून उठवून बिबट्याची पाटी वाचून दाखवली. तो उठून बसला, मला म्हणाला, "हे सिनेमात का नव्हतं?"

मी काही बोलले नाही. कुशीवर वळले.

---

चकलीचा_सोऱ्या

कुशीवर वळताना चेहरा कसा होता ते मात्र कॅमेऱ्यानंच दाखवावं.

देवमाशाचं मान्य. आज रात्री सिनेमा पुन्हा बघतो.

---

निमूट

आणि मी ते रेडिओवालं शोधतोय. काका, कुठून सुरुवात करू?

---

पेन्शनर_लेस्टर

पहिल्या भागापासून. दिवे घालवून. आणि कामाला जायचं नसेल त्या रात्री.

---

खिडकीशेजारी

तिरफळ, पेन्सिल दिलीस की नाही तिला? चहाच्या ओळी आधीच संपल्यात म्हणा.

---

तिरफळ

तिनं स्वतःच घेतलीये. टॉवेल कुठे कुठे येतो ते गोल करतेय.

---

उंटावरचा

रुमाल काढून घेतो. सवड झाली आहे. कुणी थोडक्यात सांगेल का, आधी पुस्तक की आधी सिनेमा?

---

भुईचक्र

४२.